छोट्या कॉलेजांच्या बास्केटबॉल हंगामाआधी लक्ष ठेवण्याजोगे खेळाडू कसे हेरावेत

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोठा झगमगाट डिव्हिजन वन या सगळ्यांत वरच्या पातळीत असतो. पण कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या डिव्हिजन थ्रीमध्ये पुरुषांचे चारशेच्या वर संघ खेळतात, आणि तिथे खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही. मुलगा अभ्यासासाठी कॉलेज निवडतो आणि बहुतेक वेळा चारही वर्षे तिथेच खेळतो. त्यामुळे हंगामाआधीचा अंदाज बांधायला ही पातळी फार चांगली आहे. मागच्या वर्षीचा संघ आणि यंदाचा संघ यांत खरोखर नाते असते, आकडे बोलतात.

अशी यादी करायला बसले की बहुतेक जण मागच्या हंगामातली गुणांची सरासरी उघडतात आणि वरची दहा नावे उतरवून घेतात. ती नावे सगळ्यांनाच ठाऊक असतात. सुरुवात करायची ती संघ सोडून गेलेल्या खेळाडूंपासून. त्यांची मिनिटे आणि त्यांचे शॉट यंदा कुणाच्या वाट्याला येणार, हे ज्याने आधी ओळखले त्याची यादी कामाची.

एकच कॉन्फरन्स घ्या

चारशे संघ कुणालाच झेपत नाहीत, म्हणून एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत ठरलेले सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा एक गट, निवडा. युनिव्हर्सिटी ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे यूएए, सुरुवातीला सोयीची आहे: शिकागो, एमरी, एनवाययू, सेंट लुईसचे वॉशिंग्टन विद्यापीठ, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, ब्रँडाइस आणि रॉचेस्टर, अशी आठ विद्यापीठे. प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, म्हणजे कॉन्फरन्सचे १४ सामने. सगळ्यांचे प्रतिस्पर्धी तेच, त्यामुळे तुलना रास्त होते. शिवाय यांतल्या कित्येक विद्यापीठांत मराठी मुले-मुली एमएस किंवा पीएचडी करत असतात आणि जिम वसतिगृहापासून चालत जाण्याइतकी जवळ असते. खेळाचा दर्जाही कमी समजू नका. मार्च २०२५ मध्ये एनवाययूचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कनेक्टिकटच्या ट्रिनिटी कॉलेजकडून ६४-६० असा जेमतेम हरला.

विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठांची डब्ल्यूआयएसी किंवा न्यू इंग्लंडची नेस्कॅक घेतलीत तरी पद्धत हीच.

दोन कागद शेजारी ठेवा

कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर मागच्या हंगामाची एकत्रित आकडेवारी असते. ती छापून घ्या किंवा स्प्रेडशीटमध्ये उतरवा. शेजारी यंदाचे रोस्टर, म्हणजे संघातल्या खेळाडूंची यादी, ठेवा. जो आकडेवारीत आहे पण रोस्टरमध्ये नाही, त्याच्या नावावर काट मारा.

हे काम सप्टेंबरमध्ये उरकू नका. अनेक कॉलेजे ऑक्टोबरपर्यंत जुनेच रोस्टर ठेवतात, म्हणून पानाच्या डोक्यावरचे वर्ष आधी वाचा. ‘सीनियर’, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, दिसला म्हणून तो गेलाच, असेही धरू नका. तो पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून त्याच संघात परतलेला असू शकतो. उलट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा चांगला खेळाडू कधी वरच्या डिव्हिजनमध्ये निघून जातो. तिसऱ्या वर्षाला एखादे सत्र परदेशी विद्यापीठात शिकायला जाण्याची रीतही या कॉलेजांत आहे, तेव्हा नाव रोस्टरवर असूनही मुलगा डिसेंबरपर्यंत कोर्टवर दिसत नाही. आणखी एक: इथे बरेच जण दोन खेळ खेळतात. अमेरिकन फुटबॉल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो, संघ बाद फेरीत गेला तर आणखी पुढे. असा खेळाडू पहिल्या चार-पाच सामन्यांत नसला तर तो संघाबाहेर गेला असे समजू नये.

रिकाम्या जागेचा हिशेब

सामना ४० मिनिटांचा आणि कोर्टवर पाच जण, म्हणजे एका संघाकडे दर सामन्याला २०० खेळाडू-मिनिटे असतात. समजा गेलेले तिघे सरासरी ३३, ३० आणि २१ मिनिटे खेळत होते. बेरीज ८४. ते दर सामन्याला १४, ९ आणि ५ शॉट घेत होते, बेरीज २८. संघ एकूण ६० शॉट घेत असेल, तर ४२ टक्के मिनिटे आणि जवळपास ४७ टक्के शॉट मोकळे झाले. कोण तरी ते घेणारच. आठही संघांसाठी हे दोन आकडे काढा. ज्यांचे मोकळे शॉट ४० टक्क्यांच्या वर जातात, त्या संघांच्या बेंचवर तुमचा वेळ घालवा. ज्यांचे पाचही मुख्य खेळाडू परतले आहेत, तिथे नवे फारसे सापडणार नाही.

मिनिटे गेली कुठून, हेही बघायचे. उंच सेंटर गेला असेल तर त्याची मिनिटे बॉल पुढे आणून खेळ रचणाऱ्या पॉइंट गार्डला मिळत नाहीत. जागेला जागा लावा.

सरासरीच्या आत शिरा

आता उमेदवार पारखायचे. दोन मापे पुरतात, साधा कॅल्क्युलेटर चालतो.

पहिले ट्रू शूटिंग, म्हणजे खेळाडू आपल्या प्रयत्नांचे किती गुण करतो त्याचे माप. फील्ड गोलच्या प्रयत्नांत (चालू खेळातले शॉट) फ्री थ्रोच्या प्रयत्नांची (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) ०.४४ पट मिळवा, बेरीज दुप्पट करा आणि एकूण गुणांना तिने भागा. दुसरे, दर ४० मिनिटांमागे गुण: एकूण गुण भागिले एकूण मिनिटे, गुणिले ४०.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. पहिला संघाचा तारा: २५ सामने, ८५० मिनिटे, ४५० गुण, ४०० शॉट, १०० फ्री थ्रो. सरासरी १८, म्हणजे वृत्तांतात नाव येणारच. त्याचे ट्रू शूटिंग निघते ५०.७ टक्के. दुसरा बेंचवरचा: २४ सामने, ३३६ मिनिटे, १६८ गुण, ११८ शॉट, ५० फ्री थ्रो. सरासरी फक्त ७, पण ट्रू शूटिंग ६० टक्के. दर ४० मिनिटांमागे ताऱ्याचे गुण २१.२ आणि याचे २०. ज्याच्याकडे कुणी बघत नव्हते तो जवळपास तेवढाच गुण करतो आहे, तेही कमी शॉटमध्ये.

इथे थांबून फाउलचा रकाना बघाच, कारण अंदाज बहुतेक वेळा इथेच फसतो. या दुसऱ्या खेळाडूचे २४ सामन्यांत ६७ फाउल असतील, तर दर पाच मिनिटांना एक फाउल झाला. पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. म्हणजे प्रशिक्षकाने कितीही ठरवले तरी तो २५ मिनिटांच्या पुढे टिकायचा नाही, आणि पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की बहुतेक प्रशिक्षक त्याला मध्यंतरापर्यंत बसवून ठेवतात. बेंचवरून येणारा समोरच्याच्याही बेंचशी खेळतो, हेही लक्षात असू द्या. १०० पेक्षा कमी शॉट घेतलेल्याची टक्केवारी फक्त इशारा म्हणून घ्यावी.

तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी तर फारच फसवी. ४० पैकी १८ म्हणजे ४५ टक्के, पण त्यातले चार रिंगला लागून बाहेर गेले असते तर ३५ टक्केच झाले असते. अशा वेळी फ्री थ्रो बघा. तिथे अंतर ठरलेले, समोर कुणी हात वर करून उभा नाही, दिसते ती नुसती नेम धरण्याची सफाई. तीनच्या रेषेमागून ४५ आणि फ्री थ्रो ५५ असेल तर विश्वास ठेवू नका. डंकन रॉबिन्सन २०१३-१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. तीनच्या रेषेमागून सुमारे ४५ टक्के आणि फ्री थ्रो ८८च्या आसपास, दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देणारे. विल्यम्स त्या वर्षी अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर विद्यापीठाकडून ७५-७३ असा हरला, रॉबिन्सन पुढे मिशिगनला गेला आणि तिथून एनबीएत मायामी हीटकडे. शॉट तोच राहिला.

पॉइंट गार्डसाठी असिस्ट (ज्यावर साथीदाराने बास्केट केला तो पास) आणि टर्नओव्हर (बॉल गमावणे) यांचे प्रमाण बघा. दोनास एक चांगले. एकास एक असेल आणि वर मिनिटे वाढणार असतील, तर नाव यादीत घेण्याआधी त्याचा खेळ नीट बघा.

कुणाविरुद्ध, किती वेगाने

२० नोव्हेंबर २०१२ ला आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. १०८ शॉट, त्यांत ५२ बास्केट. तीनच्या रेषेमागून ७१ पैकी २७. ग्रिनेल १७९-१०४ असा जिंकला. हा आकडा जगभर गाजला, पण त्याच बॉक्स स्कोअरची दुसरी बाजू फार थोड्यांनी वाचली. समोरच्या फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजच्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले, ४४ शॉटमध्ये ३४ बास्केट. ग्रिनेलची पद्धतच तशी होती: कोर्टभर दाब, झटपट शॉट, आइस हॉकीसारखे पाच-पाच खेळाडू एकदम बदलायचे, आणि समोरच्याने बास्केटजवळून सोपा लेअप केला तर करू द्यायचा. अशा सामन्यात दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या फुगतात. तेव्हा कोणत्याही सरासरीशेजारी संघाचा वेग लिहावा. बॉलचा ताबा किती वेळा मिळाला, ते असे मोजतात: संघाचे शॉट, वजा आक्रमक रीबाउंड (आपल्याच संघाचा हुकलेला शॉट परत पकडणे), अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट. एका संघाला ६८ वेळा आणि दुसऱ्याला ८५ वेळा ताबा मिळत असेल, तर दोघांच्या १५ गुणांच्या सरासऱ्या सारख्या नाहीत.

फेथ बॅप्टिस्ट डिव्हिजन थ्रीचा संघही नव्हता. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असे बाहेरचे, बरेचदा दुबळे, प्रतिस्पर्धी बोलावतात. ते सामने गाळा आणि कॉन्फरन्सच्या १४ सामन्यांची सरासरी वेगळी काढा. एकूण १६ आणि कॉन्फरन्समध्ये ११ असा फरक पडला, तर तो खेळाडू डिसेंबरचा. उलटा फरक असेल तर नावाखाली दोनदा रेघ ओढा. विशेषतः पहिल्या वर्षाच्या मुलाचा जानेवारी-फेब्रुवारीचा खेळ चढता असेल, तर दुसऱ्या वर्षी तोच पुढे येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.

मग डोळ्यांनी बघा

आकड्यांवरून आठ संघांत साधारण २५ नावे उरतील. प्रत्येकाचा मागच्या वर्षीचा एक अख्खा सामना बघा, शक्यतो हरलेला आणि बाहेरगावचा. यूएएचे संघ विमानाने जाऊन शुक्रवारी आणि रविवारी असे लागोपाठ सामने खेळतात. त्यातला रविवारचा दुसरा हाफ निवडा. थकलेले पाय खरे सांगतात.

नजर बॉलवर ठेवू नका, त्या एका खेळाडूवर ठेवा. पास हातात येण्याआधी त्याचे पाय शॉटसाठी तयार असतात, की पकडल्यावर तो पाय जुळवतो? हा अर्ध्या सेकंदाचा फरक आहे, आणि पुढच्या वर्षी बचाव त्याच्यावर जास्त धावून येणार तेव्हा नेमका तोच कमी पडणार. शॉट सुटला की तो मान वर करून बॉल बघतो, की आधी पाठीने समोरच्याला अडवतो? साथीदाराने स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून दिल्यावर, फक्त उजवीकडेच जातो का? शॉट घेण्याची मुदत दाखवणाऱ्या ३० सेकंदांच्या शॉट क्लॉकवर पाच सेकंद उरले की संघ बॉल कुणाकडे देतो, तेही टिपा. गेलेल्या ताऱ्यानंतर दुसऱ्या क्रमांकाचा भरवसा कुणावर होता, ते अशा क्षणी कळते.

नव्या मुलांसाठी शाळेतले आकडे जवळजवळ निरुपयोगी. रोस्टरवरची उंचीही एखाद-दोन इंच फुगवलेली असते. एकूण रिकामी जागा मोठी असेल तरच नवखा खेळतो, म्हणून पुन्हा त्याच ८४ मिनिटांकडे जा.

यादी लिहिणे

दहा ते बारा नावे, त्याहून जास्त नको. प्रत्येकापुढे एक कारण आणि पुढे तपासता येईल असा एक आकडा: ‘मिनिटे १४ वरून २५, फाउल दर सात मिनिटांना एकावर आले तरच’. नुसते ‘गुणी खेळाडू’ लिहिले तर जानेवारीत पडताळायला काहीच हाती राहत नाही. दोन-तीन प्रस्थापित नावे असू द्या, पण निम्म्याहून अधिक जागा वाढत्या भूमिकेच्या खेळाडूंना हव्यात. डिव्हिजन थ्रीच्या बास्केटबॉलला वाहिलेल्या डीथ्रीहूप्स या संकेतस्थळाची हंगामपूर्व क्रमवारी आणि ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या उत्तम खेळाडूंची, यादी जरूर वाचा, मात्र आपली यादी पुरी झाल्यावर. आधी वाचली तर तीच नावे डोक्यात बसतात.

हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. आठ-नऊ सामने झाले की डिसेंबरच्या परीक्षांच्या सुट्टीत पहिली दुरुस्ती करा: मिनिटे ठरल्याप्रमाणे सरकली का, तेवढेच बघा. टक्केवारीवरून कुणाला काढू नका, ती इतक्यात स्थिर होत नाही. कॉन्फरन्सचे निम्मे सामने झाल्यावर दुसरी दुरुस्ती, तेव्हा ट्रू शूटिंगही मोजायला हरकत नाही.

भारतातून थेट बघणाऱ्यांनी वेळ लिहून ठेवावी. न्यूयॉर्क किंवा पिट्सबर्गचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:३० ला सुरू होतो, शिकागो आणि सेंट लुईसचा ६:३० ला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे पुढे सरकतात, त्यानंतर दोन्ही वेळा एक तास अलीकडे येतात.