ट्यूमरमधला टीजीएफ-बीटा मोजताय? या चुका टाळा

टीजीएफ-बीटा (सेल्स एकमेकांना निरोप द्यायला सोडतात ते एक प्रोटीन) टी सेल्सना दाबतो, एनके सेल्सची मारायची ताकद कमी करतो (दोन्ही कॅन्सरवर हल्ला करणाऱ्या इम्यून सेल्स), हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण लॅबमध्ये तोच मोजायला घेतला की गोंधळ सुरू होतो आणि मग शिव्या किटला. किट बिचारं बहुतेक वेळा ठीक असतं.

नेहमीची तक्रार म्हणजे एलायझात (अँटिबॉडी वापरून प्रोटीन मोजायची टेस्ट) काहीच दिसत नाही. अहो, सेल्स हा फॅक्टर सोडतात तोच लॅप नावाच्या प्रोटीनमध्ये अडकवून, म्हणजे लेटंट (निष्क्रिय), आणि बऱ्याच किटच्या अँटिबॉडीला फक्त मोकळा झालेला दिसतो, त्यामुळे सॅम्पलमध्ये आधी एचसीएल हे अॅसिड घालायचं, थोडा वेळ ठेवायचं, मग सोडियम हायड्रॉक्साइडने न्यूट्रल करायचं आणि पीएच पट्टीवर बघायचाच, अंदाजपंचे नाही. पण अॅसिडनंतर येतो तो टोटल आकडा, टी सेल्सवर खरंच किती काम करत होता ते त्यात कळत नाही. म्हणून अॅसिडशिवायचं सॅम्पलही सोबत लावा.

उलटी तक्रार, आकडा भरमसाट. इथे मला पहिला संशय एफबीएसवर (सेल्स वाढवायच्या मीडियात घालतात ते गाईच्या गर्भाचं सीरम) येतो. गाईचा आणि माणसाचा मॅच्युअर टीजीएफ-बीटा १ अगदी सारखा असतो, किटला फरक कळणार कसा? नुसतं मीडिया, तेही अॅसिड देऊन, ब्लँक म्हणून लावा. पेशंटचं रक्त असेल तर सीरम नको, गुठळी होताना प्लेटलेट्स टीजीएफ-बीटा आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा फॅक्टर) दोन्ही ओततात. प्लाझ्मा घ्या, नीट स्पिन करून.

ई. कोलाय बॅक्टेरियात बनवलेला कुठलाही फॅक्टर मॅक्रोफेजवर (एक इम्यून सेल) टाकून टीएनएफ (सूज आणणारं प्रोटीन) वाढला तर आधी एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातला अंश, त्यानेही टीएनएफ वाढतो) तपासा, शोध नंतर लावा. आणि माऊसचा जीएम-सीएसएफ (इम्यून सेल्स वाढवणारा फॅक्टर) माणसाच्या सेल्सवर चालत नाही, हे ऑर्डर देतानाच बघा.

आता मोठी चूक, टीजीएफ-बीटा जास्त म्हणजे ट्रेग (इम्यून हल्ला दाबणाऱ्या टी सेल्स) जास्त असं लिहून मोकळं होणं. सोबत आयएल-६ (दुसरं निरोप देणारं प्रोटीन) असेल तर माऊसमध्ये तेच सीडी४ सेल्स (टी सेल्सचा एक प्रकार) ट्रेग न होता टीएच१७ कडे, म्हणजे सूज वाढवणाऱ्या प्रकाराकडे, वळतात. शिवाय अख्खा ट्यूमर वाटून लायसेट (फोडलेल्या सेल्सचं मिश्रण) केला की कोण कुठे होतं ते गेलंच. २०१८ मध्ये अटेझोलिझुमॅब हे इम्यूनोथेरपीचं औषध घेतलेल्या ब्लॅडर कॅन्सरच्या पेशंट्समध्ये दिसलं होतं की फायब्रोब्लास्टमध्ये (आधार देणाऱ्या टिश्यूच्या सेल्स) टीजीएफ-बीटाचा सिग्नल असला की टी सेल्स स्ट्रोमातच (ट्यूमरभोवतीच्या आधाराच्या टिश्यूत) अडकून राहतात, ट्यूमरच्या आत शिरत नाहीत. त्यामुळे थोडा तुकडा सेक्शनसाठी राखून ठेवा, सीडी८ (मारणाऱ्या टी सेल्सची खूण) आणि फॉस्फो-स्मॅड२ (टीजीएफ-बीटाचा सिग्नल चालू असल्याची खूण) चं स्टेनिंग करा, आणि टिश्यू काढल्या काढल्या फिक्स करा, टेबलावर पडून राहिला तर फॉस्फो सिग्नल उडून जातो.