बी पासून सुरू होणारे बारके इंग्रजी शब्द : या चुका टाळा

आपल्या इकडले पोट्टे इंग्रजी स्पेलिंग अजूनही तालावर पाठ करतात. बी यू वाय बाय, बाय म्हणजे विकत घेणे, बी ए डी बॅड, बॅड म्हणजे वाईट. पाठांतराला माझा विरोध नाही, स्पेलिंग तसंच पक्कं होतं. पण त्यात एका शब्दाला एकच अर्थ चिकटतो आणि नेमके हे दोन-तीन अक्षरांचे शब्दच असे आहेत की त्यांना एक अर्थ पुरत नाही. रेफ्रिजरेटर कुठंही लिहा, रेफ्रिजरेटरच राहतो. बाय, बी, बट, बिट, बेड यांचं मात्र कागद बदलला की काम बदलतं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, म्हणजे गावातली एक पिढी ते शिकून मोठी झाली, तरी पासबुक नाहीतर बियाण्याची पिशवी हातात आली की चांगले शिकलेले पोरं पण अडतात, म्हणून हे सविस्तर लिहून राहिलो.

सगळे बाय एकच समजणं

ऐकायला बाय एकच, लिहायला तीन. बी-वाय-ई निरोपाचा, बी-यू-वाय विकत घेण्याचा, हे दोन लवकर बसतात. खरा त्रास बी-वाय चा आहे. शाळेत 'बाय म्हणजे च्या द्वारे' एवढं सांगून विषय संपतो आणि पोरगं तेच सगळीकडं लावत बसतं.

पासबुक घ्या. एका ओळीत छापलेलं असतं 'बाय ट्रान्सफर', पुढं रक्कम २,०००. घरचे विचारतात, "बाबू, हे पैसे आले का गेले सांग बरं." आणि दहावी-बारावी झालेला बाबू सांगतो, ट्रान्सफर झाले म्हणजे गेले. इथंच चूक होते. पासबुकातली ओळ बाय नं सुरू झाली तर पैसे जमा झाले, टू नं सुरू झाली तर खात्यातून निघाले. ही जुनी हिशेबाची पद्धत आहे, खातेवहीत नावे बाजूला टू लिहायचे आणि जमा बाजूला बाय, तेच पुढं छापील पासबुकात आलं. काही बँका बाय-टू छापत नाहीत, सीआर आणि डीआर छापतात, त्यात सीआर म्हणजे जमा आणि डीआर म्हणजे नावे. तरीही शंका राहिली तर शेवटच्या रकान्यातली शिल्लक वरच्या ओळीपेक्षा वाढली का कमी झाली ते पाहा, शब्द समजला नाही तरी आकडा सांगून देतो.

दुसरी जागा म्हणजे फॉर्म. खालच्या चौकोनावर लिहिलेलं असतं 'टू बी फिल्ड बाय द बँक'. पोरं फिल्ड वाचतात, भरायचं आहे एवढं कळतं, आणि त्यात आपलंच नाव, आपलाच खाते नंबर लिहून टाकतात. मग खोडाखोड झाली म्हणून फॉर्म परत येतो, नवा फॉर्म आणा, तालुक्याला पुन्हा चक्कर मारा, एसटीचं भाडं गेलं आणि त्या दिवसाची मजुरी पण गेली. हे टाळायला सोपं आहे, बायच्या पुढं ज्याचं नाव त्यानं ते काम करायचं. पुढं बँक असेल तर बँकेनं, ॲप्लिकंट असेल तर तुम्ही, हेड ऑफ द इन्स्टिट्यूशन असेल तर मुख्याध्यापकांनी.

तारखेच्या आधी बाय आला की 'पर्यंत'. बाय ३१ जुलै म्हणजे ३१ तारीख धरून, त्या दिवशीही चालतं. बिफोर ३१ जुलै असेल तर ३० लाच काम उरकायचं. आपल्या 'पर्यंत'मुळं अजून एक गोंधळ होतो. 'पाच वाजेपर्यंत ये' आणि 'पाच वाजेपर्यंत थांब' दोन्हीकडं आपण पर्यंतच म्हणतो, इंग्रजीत येण्यासाठी बाय लागतो आणि थांबण्यासाठी अंटिल. एकदा होऊन संपणारं काम असेल तर बाय, तोवर चालू राहणारं असेल तर अंटिल.

भावाच्या बातमीतला बाय तर कास्तकारानं ओळखलाच पाहिजे. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागं ७,५२१ वरून ८,११० झाला. ही बातमी इंग्रजीत 'रेज्ड बाय ५८९ टू ८,११०' अशी येते. बाय म्हणजे कितीनं वाढला, टू म्हणजे कितीवर गेला. हे उलटं वाचलं की वाढीचा आकडाच भाव वाटतो, आणि असे अर्धवट मेसेज ग्रुपवर फिरत राहतात.

बाकी बाय बस, बाय ट्रेन बरोबर आहे पण पायी आलो म्हणायला 'बाय वॉक' चालत नाही, ऑन फुट म्हणायचं. दुधाच्या, ब्रेडच्या पाकिटावर यूज बाय असेल तर त्या तारखेनंतर खायचं नाही, बेस्ट बिफोर असेल तर त्या तारखेनंतर चव आणि दर्जा उतरू लागतो.

बी म्हणजे असणे, इथंच अडकणं

बी-ई बी, बी म्हणजे असणे. बरोबर आहे, पण एवढ्यानं पोराला वाक्य करता येत नाही. तो लिहितो 'आय गोइंग', नाहीतर 'आय ॲम गो'. माझ्या मते यावरचा उपाय आपल्या वऱ्हाडी बोलीतच आहे आणि शिकवणारे तो वापरत नाहीत, उलट पोरगं तसं बोललं की त्याला अडवतात. आपण म्हणतो 'मी जाऊन राह्यलो'. यातलं जाऊन म्हणजे गोइंग आणि राह्यलो म्हणजे ॲम. दोन तुकडे बोलीत आहेत, दोनच इंग्रजीत आहेत. 'थे येऊन राह्यली' म्हणजे शी इज कमिंग, 'पोट्टे खेळून राह्यले' म्हणजे द बॉईज आर प्लेइंग. राह्यलो सुटला की आपलं वाक्य लंगडतं हे पोराला कोणी सांगावं लागत नाही, मग तसंच ॲम सुटलं की इंग्रजी वाक्य लंगडतं हे त्याला लगेच पटतं.

आणि नुसता बी जिथं येतो तिथंही राहणंच ठेवून पाहा. बी क्वाएट, गप राह. बी केअरफुल, जपून राह. बी रेडी, तयार राह. 'असणे' लावून यातलं एकही वाक्य धड जुळत नाही. ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन हे सगळे या एकाच बी चे रूप आहेत, ते सात वेगळे शब्द म्हणून पाठ करून घेऊ नका.

पण आणि बट

बट म्हणजे पण हे खरं आहे, पण आपला 'पण' दोन कामं करतो. 'मी पण येतो' मधला पण म्हणजे सुद्धा. तिथं पोरगं 'आय बट कम' लिहितं. पण काढून सुद्धा घातलं आणि वाक्य जमलं तर इंग्रजीत ऑल्सो नाहीतर टू, नाही जमलं तर बट. बटचा अजून एक अर्थ आहे, सोडून. ऑल बट वन म्हणजे एक सोडून सगळे, लास्ट बट वन म्हणजे शेवटून दुसरा. परीक्षेत उताऱ्यावर हा येऊ शकतो.

बेड, बॅड, बोल, बेल

उच्चाराचं जास्त लांबवत नाही. बॅग आणि बेग मधे फरक केला नाही तर पिशवीची भीक होते. बॅड, बॅट, बॅग म्हणताना तोंड चांगलं उघडा, बेड, बेट, बेग म्हणताना कमी. मराठीत लिहून घ्यायचं असेल तर अर्धचंद्र चुकवू नका, तो त्यासाठीच आहे.

वावरातले अर्थ मात्र नीट पाहू. बेड म्हणजे पलंग. सोयाबीनच्या बीबीएफ पेरणीतला मधला बी पण बेडच, ब्रॉड बेड फरो, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी. तिथं बेड म्हणजे ज्यावर पेरायचं तो मातीचा उंच पट्टा. बी-ओ-डबल-एल बोल म्हणजे कापसाचं बोंड. २०१७ ला आपल्याकडं ज्या गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली तिचं इंग्रजी नाव पिंक बोलवर्म. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पिशवीवरच्या बोलगार्ड मधलाही बोल तोच. बऱ्याच जणांना तो क्रिकेटचा बॉल वाटतो, त्यात बी नंतर ए आहे. आणि बीटी हा शब्द नाहीच, बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावातली दोन अक्षरं आहेत. त्याचा जीन (जनुक) घातलेल्या कापसाला भारतात २००२ ला परवानगी मिळाली.

बी-ए-एल-ई बेल म्हणजे जिनिंगमधली रुईची गाठ, आपल्या देशात १७० किलोची धरतात. बी-ए-आय-एल बेल म्हणजे जामीन. स्पेलिंग न पाहता अर्थ सांगू नका.

संत्र्याच्या कलमावर बड म्हणजे कळी नाही, डोळा. वरुड, शेंदुरजना घाट भागातल्या नर्सरीत जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा बांधतात, तो जोड म्हणजे बड युनियन. माहितीपत्रकात 'कीप द बड युनियन अबव्ह द सॉइल' असतं, म्हणजे कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा. इथं कळी असा अर्थ लावला तर वाक्यच कळत नाही, जोड मातीत गाडला जातो, आणि मग डिंक्या रोग लागून झाड खराब होण्याचा धोका वाढतो. फोनमधल्या ट्रान्सलेट ॲपवर अशा ठिकाणी विसंबू नका, सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) दाखवून विचारा.

बिट

बिट म्हणजे थोडं. 'द स्नेक बिट हिम' मधे मात्र साप चावला, तो बाइटचा भूतकाळ आहे. बोअरवेलवाल्याचा बिट म्हणजे पाइपाच्या टोकाचं दगड फोडणारं तोंड. आणि मोबाइलमधला बिट म्हणजे डेटाचा सगळ्यात लहान भाग, असे ८ मिळून एक बाइट. पोरं विचारतात की १०० एमबीपीएसचं वायफाय घेतलं तरी सेकंदाला १०० एमबी डाउनलोड काहून होत नाही. एमबीपीएस मधला बी लहान लिपीतला असतो, तो बिटचा. फाइलच्या साइजमधला बी कॅपिटल असतो, तो बाइटचा. १०० ला ८ नं भागा, १२.५ येतात, लाइन पूर्ण वेगानं चालली तरी सेकंदाला तेवढेच एमबी उतरतील.