इंग्रजीत मोजक्या शब्दांत ‘मी पण’ कसं म्हणावं

समोरचा म्हणतो, ‘आय लव्ह रीडिंग.’ वाचन तुम्हालाही आवडतं. ‘मी टू’ म्हणून मोकळं होता येतं आणि मित्रमंडळींत त्यात काही गैर नाही. पण मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत ‘सो डू आय’ जास्त नेटकं वाटतं. ते एकदा पाठ करून मात्र भागत नाही, कारण वाक्य बदललं की उत्तर ‘सो ॲम आय’ होतं, ‘सो हॅव आय’ होतं, ‘सो कॅन आय’ही होतं. यातलं कोणतं घ्यायचं, हे समोरच्याच्या वाक्यातच दडलेलं असतं. म्हणून खरी मेहनत जिभेची नाही, कानाची आहे.

पहिली पायरी: समोरच्याच्या वाक्यातलं साहाय्यक क्रियापद पकडा. ‘आय कॅन स्विम’मध्ये कॅन, ‘आय हॅव फिनिश्ड’मध्ये हॅव. ‘आय ॲम टायर्ड’मधलं ॲम एकटंच असलं तरी तेच घ्यायचं. असं काहीच ऐकू आलं नाही, तर साध्या वर्तमानकाळासाठी डू किंवा डज आणि साध्या भूतकाळासाठी डिड वापरा. ‘आय मिस्ड द ट्रेन’ला उत्तर ‘सो डिड आय’.

दुसरी पायरी: वाक्य होकारी असेल तर ‘सो’, नकारी असेल तर ‘नीदर’ किंवा ‘नॉर’. त्यानंतर साहाय्यक क्रियापद आणि शेवटी कर्ता. ‘आय कान्ट ड्राइव्ह’ला ‘नीदर कॅन आय’. नीदरमध्ये नकार आधीच आहे, त्यामुळे ‘नीदर कान्ट आय’ चूक. नेव्हर, हार्डली, सेल्डम हे शब्दही वाक्य नकारी करतात. ‘नॉट’ दिसत नाही म्हणून ‘सो’ म्हणू नका.

तिसरी पायरी: क्रियापद तुमच्या कर्त्याशी जुळवा. ‘आय ॲम टायर्ड’ला बहिणीबद्दल बोलताना ‘सो इज माय सिस्टर’. बोलताना जोर शेवटच्या शब्दावर, म्हणजे कर्त्यावर द्या.

आता फसवी वाक्यं. ‘आयड लाइक सम वॉटर’मधला ड हा वुडचा, म्हणून ‘सो वुड आय’. ‘आयड सीन इट बिफोर’मधला ड हॅडचा, म्हणून ‘सो हॅड आय’. ड नंतर क्रियापदाचं मूळ रूप आलं तर बहुधा वुड आणि सीन, गॉनसारखं तिसरं रूप आलं तर हॅड. ‘आय हॅव टू लीव्ह’ला ‘सो डू आय’ म्हणा, कारण इथलं हॅव साहाय्यक नाही. ‘आय यूझ्ड टू सिंग’ला ‘सो डिड आय’.

शब्दांचा क्रम मात्र सांभाळाच. ‘सो डू आय’ऐवजी ‘सो आय डू’ म्हटलं तर अर्थच वेगळा होतो: ‘अरे, खरंच की!’ ‘युअर बॅग इज ओपन’ असं कुणी सांगितलं आणि तुम्ही वळून पाहिलंत, तर ‘सो इट इज!’ शोभतं.

उलटा क्रम जड जात असेल तर सरळ वाटही आहे. होकाराला ‘आय डू, टू’, नकाराला ‘आय डोन्ट, ईदर’. फक्त ‘आय ॲम, टू’चं ‘आयम टू’ करू नका. मत वेगळं असेल तर शब्द आणखी कमी: ‘आय लाइक इट’ला ‘आय डोन्ट’, ‘आय डोन्ट लाइक इट’ला ‘आय डू’.

मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो तो नकारी वाक्याला दुजोरा देताना. ‘आज थंडी नाहीये’ला आपण सहज ‘हो, नाहीये’ म्हणतो. आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत येस किंवा नो त्यापुढे येणाऱ्या तुमच्याच शब्दांशी जुळतो. म्हणून ‘इट इझन्ट कोल्ड टुडे’ला सहमती दाखवायची तर ‘नो, इट इझन्ट’ म्हणायचं. ‘येस, इट इझन्ट’ ऐकणाऱ्याला गोंधळात टाकतं आणि नुसतं ‘येस’ म्हणून थांबलात तर तुमचं मत कळतच नाही. सवय होईपर्यंत नुसत्या येस-नोवर थांबू नका. पुढचे दोन शब्द प्रत्येक वेळी पूर्ण बोला.