एमएस्सी फिजिक्सचे विषय निवडताना चौथ्या सेमपासून मागे मोजा

इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) कोणता घ्यायचा यावर पहिल्या आठवड्यात जितका खल होतो, तितकी निवड मुळात हातात नसते. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेली दोन वर्षांची एमएस्सी ८८ क्रेडिटची, म्हणजे दर सेमला २२. त्यातले ५४ क्रेडिट सक्तीच्या विषयांचे आणि ४ रिसर्च मेथडॉलॉजीचे. उरतात ३०: इलेक्टिव्हचे १६ (दर सेमला ४), दुसऱ्या सेममधल्या ऑन जॉब ट्रेनिंगचे किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, आणि रिसर्च प्रोजेक्टचे १० (तिसऱ्या सेमला ४, चौथ्याला ६). हे तीस क्रेडिट जमेल तसे सुटे उचलले की मार्कशीटवर चार दिशांचे चार विषय दिसतात आणि प्रोजेक्टला त्यातला एकही कामाला येत नाही.

म्हणून आधी चौथ्या सेमचा प्रोजेक्ट ठरवा. विषयाचं नाव नको, क्षेत्र पुरे: पातळ फिल्म, रेडिओ खगोलशास्त्र, न्यूक्लिअर डिटेक्टर, कंप्युटेशनल, शुद्ध थिअरी. मग त्या प्रोजेक्टसाठी तिसऱ्या सेमला काय शिकलेलं असावं लागेल आणि त्यासाठी दुसऱ्याला काय, असं मागे या. विभागाच्या संकेतस्थळावरून चारही सेमचा पूर्ण सिलॅबस उतरवून घ्या, आणि तो तुमच्या प्रवेशवर्षाच्या पॅटर्नचाच आहे ना हे बघा. जुन्या पॅटर्नची पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहते.

सिलॅबसमध्ये सहा इलेक्टिव्ह छापलेले असले, तरी चालतात बहुधा दोन. बाकीच्यांना शिकवणारं कुणी नसतं, नाहीतर पुरेसे विद्यार्थी येत नाहीत. त्यामुळे ‘कोणकोणते इलेक्टिव्ह आहेत?’ असं ऑफिसात विचारून फायदा नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष कोणते चालले, कोणी शिकवले, किती युनिट पूर्ण झाली? थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०. चार क्रेडिटची थिअरी ६० तासांची असते. काही ठिकाणी तेच चार क्रेडिट दोन थिअरी आणि दोन प्रॅक्टिकल असे फोडलेले असतात. प्रायोगिक क्षेत्रात जायचं असेल तर हा दुसरा प्रकार घ्या.

मटेरियल सायन्सचा इलेक्टिव्ह कितपत खरा आहे हे कळायला मागच्या बॅचचं एखादं जर्नल (प्रयोगवही) मागून पाहा. एक्सआरडीच्या (क्ष-किरण विवर्तनाच्या) प्रयोगात शेररचं सूत्र असतंच: स्फटिककणाचा आकार = ०.९ × तरंगलांबी ÷ (बीटा × कॉस थीटा). बीटा म्हणजे शिखराची रुंदी. झिंक ऑक्साइडचं (१०१) शिखर ३६.२ अंशांवर आहे आणि त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४० अंश आहे असं धरू. तांब्याच्या के-अल्फा किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. रुंदी रेडियनमध्ये ०.००६९८ होते, थीटा ३६.२ च्या निम्मा म्हणजे १८.१ अंश, आणि उत्तर येतं साधारण २१ नॅनोमीटर. रुंदी अंशांतच ठेवली तर उत्तर ०.३६ नॅनोमीटर येतं. झिंक ऑक्साइडच्या एकक पेशीची लांब बाजूच ०.५२ नॅनोमीटर आहे, म्हणजे हा ‘कण’ एका पेशीपेक्षा लहान झाला! जर्नलमध्ये असं उत्तर लाल पेनाच्या सहीसकट पास झालेलं दिसलं, तर त्या प्रॅक्टिकलला कोणी आकडे बघत नाही हे समजा. सगळ्या जर्नलांत एकच ग्राफ असेल तर मशीन बंद आहे. उलट, उपकरणामुळे येणारी रुंदी वजा केल्याची नोंद सापडली, तर डोळे झाकून तो इलेक्टिव्ह घ्या.

थिअरीच्या इलेक्टिव्हला वेगळी कसोटी लावावी लागते. क्वांटम फील्ड थिअरी हे नाव भारदस्त आहे आणि नावासाठीच ती घेतली जाते. अर्ज भरण्यापूर्वी कोरा कागद घ्या आणि पुस्तक न उघडता दोन गोष्टी करा: दोन अर्ध-स्पिन कण जोडून ट्रिप्लेट आणि सिंगलेट अवस्था लॅडर ऑपरेटरने काढा, आणि हार्मोनिक ऑसिलेटरची ऊर्जा निर्मिती-विलय ऑपरेटरने काढा. अर्ध्या तासात दोन्ही जमलं नाही, तर तिसऱ्या सेमला फील्ड थिअरी घेऊ नका. आधी क्वांटम मेकॅनिक्सचा दुसरा पेपर पक्का करा. जनरल रिलेटिव्हिटीच्या आधी टेन्सर आणि कंडेन्स्ड मॅटरच्या आधी स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स हवंच. सिलॅबसमध्ये पूर्वअट लिहिलेली नसते, पण पहिल्याच युनिटमध्ये ती गृहीत धरलेली असते.

‘नेटला (प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपसाठीच्या पात्रता परीक्षेला) उपयोगी’ म्हणून इलेक्टिव्ह घेणं हा गैरसमज बराच पसरला आहे. सीएसआयआर नेटचा भौतिकशास्त्राचा पेपर २०० गुणांचा असतो. भाग ‘अ’ ३० गुणांचा, ‘ब’मध्ये २५ पैकी २० प्रश्न, प्रत्येकी साडेतीन गुण, ‘क’मध्ये ३० पैकी २०, प्रत्येकी पाच. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात. विचारलेलं बहुतेक सगळं सक्तीच्या पेपरांतच येतं: मॅथ्स मेथड्स, क्लासिकल, ईएमटी (विद्युतचुंबकीय सिद्धांत), क्वांटम, स्टॅटमेक, अ‍ॅटॉमिक, सॉलिड स्टेट, न्यूक्लिअर. सुटतो तो इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रायोगिक पद्धतींचा भाग: एरर प्रोपगेशन, लीस्ट स्क्वेअर फिटिंग, काय-स्क्वेअर चाचणी, ऑप-अ‍ॅम्प, लॉक-इन डिटेक्टर. हे शिकवणारा इन्स्ट्रुमेंटेशनचा इलेक्टिव्ह असेल तर तो नेटसाठी आणि प्रयोगशाळेसाठीही कामाचा. मुलं मात्र त्याला कंटाळवाणा म्हणून सोडून देतात.

दुसऱ्या सेमचं ऑन जॉब ट्रेनिंग ओळखीच्या दुकानातून प्रमाणपत्र आणून उरकलं जातं. ते चार क्रेडिट वाया घालवू नका. रेडिओ खगोलशास्त्राकडे कल असेल, तर पुण्यात एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) आणि आयुका (खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र) आहेत, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश आहेत. अशा संस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. मे महिन्यात चौकशी केली तर उपयोग नाही. त्या अनुभवाला क्रेडिट मिळतील का, हे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या. इस्पितळात मेडिकल फिजिसिस्ट व्हायचं असेल, तर नुसत्या मेडिकल फिजिक्सच्या इलेक्टिव्हवर ती नोकरी मिळत नाही. एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका किंवा तिच्या तोडीचा मान्य अभ्यासक्रम आणि इंटर्नशिप करावीच लागते. त्या प्रवेशासाठी न्यूक्लिअरचा पाया भक्कम करा.

हवा तो विषय विभागात चालतच नसेल, तर स्वयम् हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमच्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात. पण तुमच्या विद्यापीठाने तो कोर्स मान्य केलेला असला पाहिजे, आणि ही मान्यता नोंदणीच्या आधी हवी. स्वयम्‌वरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरे संस्थांच्या) कोर्सला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागतात. असाइनमेंट बुडवून शेवटी परीक्षेला बसणारे इथेच अडकतात. क्रेडिट जमा व्हायला एबीसी आयडीवरचं (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समधल्या खात्यावरचं) नाव मार्कशीटशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या.

इलेक्टिव्ह बदलायला बहुतेक विभाग सुरुवातीचे थोडेच दिवस देतात. तेवढ्यात दोन्ही इलेक्टिव्हच्या तासांना बसा. निवड पक्की झाली की कोर्स कोड लिहून ठेवा. थिअरीचा आणि प्रॅक्टिकलचा कोड वेगळा असतो. परीक्षा फॉर्मवर आणि पुन्हा हॉल तिकिटावर तो स्वतः पडताळा. ऑफिसात मागच्या वर्षीचाच कोड चढला, तर तुम्ही लिहिलेला पेपर निकालात गैरहजर म्हणून दिसतो, आणि दुरुस्तीला अर्ज करताना फॉर्मची पोचपावतीच मागतात.