सिएटलहून स्नोबोर्डिंग: उद्या कोणत्या डोंगरावर जायचं?

सिएटलहून गाडीने साधारण तीन तासांत पोहोचता येईल अशी स्नोबोर्डिंगची सहा ठिकाणं आहेत: स्नोक्वाल्मी, स्टीव्हन्स पास, क्रिस्टल माउंटन, व्हाइट पास, मिशन रिज आणि माउंट बेकर. यातलं एक ठिकाण हंगामभरासाठी ठरवून टाकणं सोयीचं वाटतं, पण इथल्या हवेत ते जमत नाही. कॅस्केड डोंगररांग समुद्रापासून जवळ आहे. एकाच वादळात हजारभर फुटांच्या फरकाने एकीकडे बर्फ पडतो आणि दुसरीकडे पाऊस. म्हणून निर्णय आदल्या रात्री घ्यावा, आणि सुरुवात फ्रीझिंग लेव्हलपासून करावी.

फ्रीझिंग लेव्हल म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असतं ती पातळी. पडता बर्फ वितळायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे या पातळीच्या सुमारे हजार फूट खालपर्यंतही बर्फ पडतो. आता उंची पाहा. स्नोक्वाल्मी खिंड ३,०२२ फुटांवर आहे, स्टीव्हन्स खिंड ४,०६१ फुटांवर, व्हाइट पास ४,५०० फुटांवर. क्रिस्टलचा पायथा ४,४०० फुटांवर आणि वरचं टोक ७,००० फुटांच्या आसपास. अंदाजात फ्रीझिंग लेव्हल ५,००० फूट असेल तर स्नोक्वाल्मीला जॅकेट पिळायची वेळ येईल, स्टीव्हन्सला खाली ओला आणि वर बरा बर्फ मिळेल, क्रिस्टलला वरचा भाग उत्तम असेल. ३,००० फूट असेल तर सगळीकडेच चंगळ. मग जवळचं गाठा आणि पेट्रोल वाचवा.

याला एक अपवाद आहे आणि तो स्नोक्वाल्मीचाच. पूर्वेकडच्या कोलंबिया खोऱ्यात साचलेली थंड हवा खिंडीतून पश्चिमेला वाहते. वारा पूर्वेचा असेल तर फ्रीझिंग लेव्हल कागदावर वर दिसली तरी खिंडीत बर्फ पडत राहतो. पण वरची हवा फारच उबदार झाली तर हीच थंड हवा घात करते: पाऊस जमिनीला लागताच गोठतो आणि चेअरलिफ्टपासून रस्त्यापर्यंत सगळ्यावर काचेसारखा थर बसतो. खिंडीतलं तापमान शून्याखाली आणि टोकावरचं शून्याच्या वर, असं उलटं चित्र दिसलं की बेत रद्द करा.

हे तपासायला नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरची हवामान केंद्रं आहेत. पायथ्याचं आणि टोकाचं तापमान, वारा, पडलेलं पाणी आणि बर्फाची उंची तिथे तासातासाला मिळते. 'चोवीस तासांत दहा इंच' हा एकच आकडा बघून निघू नका. वादळाची सुरुवात उबदार आणि शेवट थंड असेल तर खाली घट्ट, वर हलका बर्फ बसतो. बोर्ड त्यावर तरंगतो. उलट झालं, म्हणजे हलक्या बर्फावर नंतर जड ओला बर्फ पडला, तर बोर्डचं नाक आत घुसतं आणि दोन उतारांत मांड्या भरून येतात. अशा दिवशी बाइंडिंग (बूट बोर्डला जखडणारे पट्टे) एकेक भोक मागे सरकवून लावावीत. आणि रात्री पाऊस पडून पहाटे आकाश मोकळं झालं असेल तर सकाळी लोखंडासारखा कडक पृष्ठभाग मिळेल. तेव्हा दहानंतर, ऊन लागल्यावरच पोहोचा.

आता डोंगर एकेक करून.

स्नोक्वाल्मी सिएटलपासून सुमारे ५० मैल, तासाभराचा रस्ता. रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश या मराठी घरांच्या पट्ट्यातून तर त्याहूनही जवळ. शिकणाऱ्यांनी तिथल्या समिट वेस्ट या भागात जावं. आय-९० महामार्गावरून ५२ नंबरच्या एक्झिटला उतरायचं. समिट सेंट्रलला टेरेन पार्क (उड्या आणि कसरतींची जागा) आहे आणि संध्याकाळी दिव्यांखाली उतार चालू असतात, त्यामुळे ऑफिस लवकर सुटलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशीही जाता येतं. वेस्ट, सेंट्रल आणि ईस्ट यांना जोडणाऱ्या पायवाटा मात्र बोर्डवाल्यांच्या मुळावर येतात. जवळजवळ सपाट, त्यात ओला बर्फ; स्कीवाले काठ्या मारत पुढे जातात आणि तुम्ही मागचा पाय सोडून ढकलत बसता. एका भागात दिवस काढा, नाहीतर गाडीने जा. अल्पेंटल महामार्गाच्या पलीकडे आहे. तिथले उतार तीव्र आणि खडकाळ, वरचं टोक ५,४२० फुटांवर. काळे (अवघड दर्जाचे) उतार आरामात उतरता येत नसतील तर तिथे जाऊन मजा नाही.

स्टीव्हन्स पास यूएस-२ वर, सुमारे ८० मैल. मध्यम तयारीच्या बोर्डरला हा डोंगर सगळ्यात जास्त देतो, आणि इथेही संध्याकाळचे दिवे असतात. मागच्या मिल व्हॅलीत उतरलात तर परत यायला लिफ्टशिवाय मार्ग नाही, म्हणून तिकडची लिफ्ट कधी बंद होते ते सकाळीच फलकावर बघून ठेवा. स्टीव्हन्सचा खरा त्रास रस्त्याचा आहे. मन्रोपुढे रस्ता बहुतेक दोन पदरी होतो आणि रविवारी दुपारी परतताना गोल्ड बार, सुलतानपाशी गाड्यांची रांग लागते. दुपारी एकला निघा, किंवा दिव्यांखाली खेळून रात्री निघा. तीन ते सहा या वेळात निघणं म्हणजे गाडीतच संध्याकाळ घालवणं.

क्रिस्टलही ८० मैलांच्या आसपास, इनमक्लॉमार्गे ४१० रस्त्याने. उंची, पसारा आणि समोर माउंट रेनियर. अगदी नवख्यांचा भाग लहान आहे. वारा सुटला की गोंडोला (बंद डब्यांची लिफ्ट) आणि वरच्या लिफ्ट बंद पडतात, आणि मग सगळी गर्दी खालच्या दोन-चार लिफ्टवर कोसळते. टोकावर जोरदार वाऱ्याचा अंदाज असेल तर क्रिस्टल टाळा. शनिवार-रविवारी पार्किंगचे नियम आणि शुल्क आधी पाहा. जागा संपली की खालूनच परत पाठवतात.

माउंट बेकरला १९९८-९९च्या हंगामात १,१४० इंच बर्फ पडला होता. तो जागतिक विक्रम मानला जातो. १९८५ पासून तिथे लेजंडरी बँक्ड स्लॅलम ही स्नोबोर्डची शर्यत होते. नाव मोठं, म्हणून नवखे तिकडे धावतात आणि पस्तावतात. उतार तीव्र, लिफ्ट साध्या, डोंगरावर मुक्कामाची सोय नाही, आणि ग्लेशियर हे शेवटचं गाव सोडलं की पुढे काही मिळत नाही. पेट्रोल आधीच भरून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

मिशन रिज वेनाची शहराच्या वर, रांगेच्या पूर्वेला. ढग इकडे येईतो बरेच रिकामे झालेले असतात. बर्फ कमी पण कोरडा आणि ऊन जास्त. पश्चिमेला पावसाचा आठवडा असेल तेव्हा पहिला पर्याय हाच. व्हाइट पास लांब, पण निवांत. कुटुंबासह जायला चांगला.

डोंगर ठरला की उतारांचा नकाशा बोर्डरच्या नजरेने वाचा. डावा पाय पुढे असणाऱ्याला, खाली तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे जाणारी लांब आडवी वाट टाचा उचलून, पंजांच्या कडेवर काढावी लागते, पोटऱ्या पेटतात. उजवा पाय पुढे असणाऱ्याचं नेमकं उलट. सोबतीला दोन्ही प्रकारचे लोक असतील तर आडव्या वाटा कमी असलेला भाग निवडा. सपाटीआधी वेग राखा, मध्ये थांबू नका. शून्याच्या आसपास बर्फ बोर्डला खेचून धरतो; बोर्डच्या तळाला उबदार तापमानाचं वॅक्स लावून घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

हंगामी पासचा हिशोब सोपा आहे. क्रिस्टल आणि स्नोक्वाल्मी आयकॉन पासवर, स्टीव्हन्स एपिक पासवर; हे दोन्ही पास अनेक डोंगरांवर चालतात. बेकरचं तिकीट स्वतंत्र. मोजकेच दिवस जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाचं तिकीट ऑनलाइन आधी घ्या, खिडकीवर ते महाग पडतं. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीत घरी बसलेलं बरं.

गाडीबद्दल हयगय नको. खिंडीत 'ट्रॅक्शन टायर आवश्यक' अशी पाटी लागली की टायरवर एम अँड एस, ऑल सीझन किंवा डोंगर-हिमकणाचं चिन्ह हवं आणि खाचा किमान एक अष्टमांश इंच खोल हव्यात. 'चेन आवश्यक' (चेन म्हणजे चाकांवर चढवायच्या साखळ्या) लागलं की चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांना बऱ्याचदा सूट मिळते, पण चेन गाडीत असावीच लागते. चेन न लावता पुढे गेलात तर ५०० डॉलरपर्यंत दंड होतो. चेन घराच्या अंगणात एकदा लावून पाहा. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी पहिल्यांदा लावायला गेलात तर तास मोडतो. भाड्याच्या गाडीला चेन लावायला अनेक कंपन्या मनाई करतात, करार वाचा. हिमकडे पाडण्यासाठी आय-९० आणि यूएस-२ मध्येच बंद ठेवतात. निघण्याआधी राज्याच्या परिवहन खात्याचं खिंडींच्या स्थितीचं पान उघडा आणि गाडीत पाणी, घोंगडी आणि डब्यात पोळी-भाजी ठेवा.

झाडांमध्ये एकट्याने उतरू नका. मोठ्या हेमलॉक आणि फरच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली पोकळी राहते. डोकं खाली करून त्यात पडलं तर स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं. जोडीदार आवाजाच्या टप्प्यात हवा, शिट्टी जॅकेटच्या बाहेर लटकलेली हवी. पडता पडता बुंधा किंवा फांदी घट्ट धरा, आणि गाडले गेलात तर धडपड थांबवून तोंडासमोर हाताने जागा करा.