गोळी चालू आहे तरी केस गळतायत: थायरॉइडच्या रुग्णाने काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

हायपोथायरॉइडची, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते त्यावरची, गोळी सुरू होऊन सहा-आठ महिने झाले, रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) मर्यादेत आला, आणि तरी रोज मोरीच्या जाळीत केसांचा पुंजका. अशा वेळी बहुतेक घरांत आधी केसांच्या गोळ्या, तेल आणि सीरम येतं. ते सगळं बाजूला ठेवा. आधी तारखा बघा, मग गोळी कशी घेतली जाते ते, मग रिपोर्ट, मग लोह, आणि टाळूकडे त्यानंतर. गोळीच नीट शोषली जात नसेल तर कुठल्याही तेलाने काही व्हायचं नाही.

तारखा

डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. थायरॉइड हार्मोन कमी पडलं की एकदम पुष्कळ केस या बसून राहण्याच्या टप्प्यात जातात. म्हणजे आज गळणाऱ्या केसाचा निर्णय दोन-तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो. म्हणून मोजणी गोळी सुरू केल्याच्या तारखेपासून करायची नाही, टीएसएच पहिल्यांदा मर्यादेत आला त्या तारखेपासून करायची. तिथून गळती कमी व्हायला तीन ते सहा महिने आणि डोकं भरल्यासारखं दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यात घाई करता येत नाही. जूनमध्ये टीएसएच जागेवर आला असेल, तर गणपतीपर्यंत केस गळत राहिले तरी घाबरण्याचं कारण नाही. दिवाळी उलटून गेली आणि गळती तेवढीच आहे, तर मात्र पुढचं वाचा.

याच तीन महिन्यांच्या हिशोबात मधल्या काळातला डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण किंवा झपाट्याने वजन उतरवणारं डाएट येतं का, तेही कॅलेंडरवर बघा. अशी घटना सापडली तर थायरॉइडला उगाच दोष देऊ नका.

गोळी पोटात जाते, रक्तात जाते का?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे या थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाची, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे शोषणात थोडी घट झाली तरी टीएसएच हलतो. गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर ३० ते ६० मिनिटं पाण्याशिवाय काही नाही. 'फक्त अर्धा कप चहा' हेही काहीतरी खाणंपिणंच आहे. चहा आणि त्याहून कॉफी गोळीचं शोषण कमी करतात. सकाळी डबे, शाळा, पाणी भरणं यात हा तास मिळतच नसेल, तर गोळी रात्री झोपताना घ्या. अट एकच: जेवण होऊन तीन तास झालेले हवेत आणि मध्ये दूध नको. वेळ बदलायची असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा.

लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच बांधून टाकतात. त्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा. मल्टिव्हिटॅमिनमध्येही हे दोन्ही असतात, हे लक्षात येत नाही. पित्तावरची पातळ औषधं याच यादीत बसतात. रोज सकाळी पित्ताची गोळी घेणाऱ्यांच्या पोटातलं आम्ल कमी झालेलं असतं, त्यांना थायरॉइडची मात्रा थोडी जास्त लागू शकते. सोयाबीनचं पीठ किंवा प्रोटीन पावडर रोज असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा बाथरूमच्या कपाटात नको. उष्णता, ओल आणि उजेड, तिन्ही या गोळीला मानवत नाहीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झाकण घट्ट लावणं फार महत्त्वाचं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर मात्रा तीच असली तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.

एक ठोकताळा उपयोगी पडतो. ग्रंथीचं काम जवळपास बंद असेल तर प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १०० च्या आसपास. त्याच व्यक्तीला १५० देऊनही टीएसएच वरच राहत असेल तर मात्रा आणखी वाढवण्याआधी वरच्या सगळ्या गोष्टी तपासा. त्या ठीक निघाल्या तर डॉक्टरांना सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडण्याची, रक्ततपासणी करायची का ते विचारा. हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटण्याचा आजार, असणाऱ्यांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. ही तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येईल.

रिपोर्ट, आणि बायोटिनचा सापळा

मात्रा बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करण्यात अर्थ नाही, आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. दर वेळी लॅब तीच, वेळ साधारण तीच, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर. एका लॅबच्या रिपोर्टवर एमआययू प्रति लिटर आणि दुसरीच्या रिपोर्टवर मायक्रो आययू प्रति मिलिलिटर दिसलं तर गोंधळू नका, आकडा तोच असतो.

आता सापळा. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत आणि गमीजमध्ये बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, बऱ्याचदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे हे शेकडो पट झालं. कितीतरी लॅबची यंत्रं टीएसएच मोजताना स्वतःच बायोटिन वापरतात, आणि रक्तातलं जादा बायोटिन त्या मोजणीत ढवळाढवळ करतं. टीएसएच खोटा कमी आणि टी३, टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स खोटी जास्त दिसतात. कागदावर चित्र असं उमटतं की गोळी जास्त होतेय. डॉक्टर मात्रा उतरवतात, हार्मोन खरंच कमी पडतं आणि दोन-तीन महिन्यांनी केस आणखी गळायला लागतात. मग माणूस बायोटिन दुप्पट करतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस, मोठी मात्रा असेल तर त्याहून जास्त दिवस, बायोटिन बंद ठेवा आणि डॉक्टरांना व लॅबला तसं सांगा. तसंही बायोटिनची कमतरता क्वचितच असते; कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम आधार नाही.

टीएसएच मर्यादेत असताना 'केसांसाठी अजून थोडा खाली आणू' म्हणून मनाने गोळी वाढवू नका. जास्त हार्मोननेही केस गळतात, वर छातीत धडधड आणि हाडांची झीज.

लोह

थायरॉइड कमी असताना पाळीत रक्तस्राव वाढतो, हे केसांच्या तक्रारीशी कुणी जोडून बघत नाही. महिनोन्‌महिने रक्त गेलं की लोहाचा साठा आटतो, आणि टीएसएच सुधारला तरी तो साठा आपोआप भरत नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, मागा. ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर लोह कमी आहे असं धरतात. केसांसाठी ते ४० ते ७० च्या वर न्यावं असं काही त्वचारोगतज्ज्ञ मानतात, पण त्यावर एकमत नाही. ताप किंवा शरीरात कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा आजारी असताना ही तपासणी करू नका. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहापासून लांब आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांवर. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड घ्यायची का ते विचारा, त्याने शोषण उलट सुधारतं.

शाकाहाऱ्यांनी बी१२ आणि एकूणच सगळ्यांनी ड जीवनसत्त्व याच रक्तात करून घ्यावं. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे भरपूर आयोडीनच्या गोळ्या नकोत, त्यांनी थायरॉइड बिघडू शकतो. सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात.

आता केस आणि टाळू

गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून उजेडात बघा. टोकाला मोहरीहून बारीक पांढरा गोळा दिसला तर तो आपला काळ संपवून मुळापासून सुटलेला केस. पुष्कळ जण हा गोळा बघून 'मूळच निघालं' म्हणून घाबरतात. मूळ त्वचेत शाबूत असतं, गोळा फक्त केसाचं बूड आहे. दोन्ही टोकं बिनगोळ्याची असतील तर तो केस तुटलाय. तिथे कारण कोरडेपणा, ओल्या केसांत फणी किंवा स्ट्रेटनर.

मोजायचं असेल तर पुंजक्यावरून अंदाज बांधू नका, रोज ५० ते १०० केस जाणं स्वाभाविक आहे आणि दोन दिवसांनी न्हायलं की ते एकदम दिसतात. उशीवर फिकट अभ्रा घाला, न्हाण्याआधी त्यावर डोकं पुढे झुकवून मागून पुढे एक मिनिट विंचरा आणि पडलेले मोजा. असं तीन न्हाणी करून सरासरी लिहा, मग महिन्याने पुन्हा. भांगाचा फोटो महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, केस कोरडे असताना.

थायरॉइडची गळती डोकंभर सारखी असते. नाण्याएवढी गुळगुळीत चाई पडली तर ती वेगळी गोष्ट, थायरॉइडसारखीच प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येणारी, आणि तिला त्वचारोगतज्ज्ञच हवा. टाळूवर खपल्या, पू, दुखणं किंवा चमकदार डाग असेल तर वाट बघू नका, कारण व्रण पडला की तिथे केस परत येत नाही. भांग पुढून रुंद होत चाललाय पण पुंजके फारसे नाहीत, तर आनुवंशिक विरळपणा असण्याची शक्यता मोठी. तो थायरॉइडच्या गोळीने थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध आहे, मात्र सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळती वाढते आणि नेमकी तेव्हाच माणसं बाटली टाकून देतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते वापरायचं नाही.

केस परत येतायत का हे पुंजक्यापेक्षा कपाळाच्या कडेला लवकर कळतं. केस घट्ट मागे बांधून आरशात बघा: वेणीत न बसणारे, टोकाला निमुळते, दोन-तीन सेंटिमीटरचे केस उभे राहिलेले दिसतात. ते दिसत असतील तर तेलाने चापून बसवू नका.