प्रभूची ओढ कमी झाली आहे? या चुका टाळा

“पूर्वीसारखं मन लागत नाही.” नवापूरकडच्या घरसभेत असो की भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, विश्वासणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य सारखं ऐकू येतं. रविवारची उपासना चुकत नाही, दशांश वेळेवर जातो, नाताळात घरावर तारा लागतो. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की मन कापसाच्या भावात, मुलीच्या फीमध्ये नाहीतर उद्याच्या ड्युटीत. गीत तोंडपाठ असतं आणि गाताना आत काहीच हलत नाही. बहुतेक जण हे लपवतात, कारण मंडळीत असं बोललं की लोक लगेच पापाचा शोध घेऊ लागतात.

हा कोरडेपणा येतो. दाविदाला आला होता, एलियाला आला होता. पण तो घालवायला आपण जे उपाय करतो, त्यातले कितीतरी उपाय तो वाढवतात असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आधी चुका पाहू.

पहिल्या भावनेच्या मागे धावणं

ही सगळ्यात मोठी चूक. बाप्तिस्म्याच्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं, पहिल्या उपास-प्रार्थनेत अंग थरथरलं होतं, ते पुन्हा व्हावं म्हणून माणूस धडपडतो. ते होत नाही. मग तो स्वतःला दोष देतो, किंवा खोटं रडू लागतो.

प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला लिहिलेलं पत्र सावकाश वाचा. ही मंडळी आळशी नव्हती. तिचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांची तिने केलेली पारख, या सगळ्याची प्रभू आधी दखल घेतो. मग एकच दोष दाखवतो: पहिली प्रीती सोडलीस. आणि पाचव्या वचनात उपाय देतो. कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्यं कर. पहिल्यासारखं वाटलं पाहिजे, असं तो म्हणत नाही. प्रीती विझली असतानाही करता येतील अशी कामं तो हातात देतो.

म्हणून एक कागद घ्या आणि विश्वासात नवे असताना तुम्ही काय काय करत होता ते लिहा. त्या वेळी काय वाटत होतं ते बाजूला ठेवा. शेतावर जाताना एखादं वचन घोकत होता? शेजारच्या आजारी म्हातारीला पाणी भरून देत होता? ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्याच्या दारात स्वतःहून गेला होता? मुलांना झोपताना योसेफाची गोष्ट सांगत होता? यादी झाली की त्यातलं एक काम उद्या सुरू करा. एकच. मन लागो न लागो, ते काम करत राहा.

काहींना हे जमणार नाही, कारण त्यांना “नवे असतानाचे दिवस” आठवतच नाहीत. खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी मिशनऱ्यांच्या काळात ज्यांच्या पणजोबांनी विश्वास धरला, त्या घरांत आज तिसरी-चौथी पिढी आहे. त्यांना ख्रिस्ती नाव जन्मानेच मिळालं. पणजोबांनी किती छळ सोसला हे ते अभिमानाने सांगतात, पण स्वतःची साक्ष विचारली की गप्प होतात. त्यांनी मागचं शोधत बसू नये. “प्रभू, आमच्या घराण्याला तू ठाऊक आहेस, मला तू हवा आहेस,” असं सरळ म्हणावं. त्यांची पहिली कृत्यं आज सुरू होऊ शकतात.

मोठ्या सभेची वाट पाहत बसणं

मे महिन्यात संजीवन सभा आहे, बाहेरचे वक्ते येणार आहेत, तिथे सगळं ठीक होईल. सभा होते, पुढे जाऊन प्रार्थना करून घेतली जाते, मन भरून येतं. सोमवारी घरी तीच भांडी, तेच कर्जाचे हप्ते, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तोच कोरडेपणा. सभा वाईट नाहीत. त्यांतून कित्येकांचं आयुष्य बदललं आहे. पण सभेच्या अलीकडचा आणि पलीकडचा आठवडा रिकामा असेल, तर एकटी सभा काय करणार?

महाराष्ट्रातल्या उज्जीवनाची, म्हणजे मंडळीत विश्वास नव्याने जागा होण्याची, आठवण निघाली की आपण मुक्ती मिशनमधल्या १९०५ सालच्या उज्जीवनाचं नाव घेतो. केडगावला पंडिता रमाबाईंच्या आश्रमात आत्म्याचं जे काम झालं त्याबद्दल आपण भरभरून बोलतो. त्याच्या आधीचे महिने मात्र विसरतो. तिथल्या स्त्रिया रोज जमून प्रार्थना करत होत्या, आणि त्याही आधीची कितीतरी वर्षं दुष्काळातल्या अनाथ मुलींना नि विधवांना जेवण, निवारा आणि शिक्षण देण्याचं काम चालू होतं. दळण, स्वयंपाक, शिवण, शाळा आणि रोजची प्रार्थना, या सगळ्यात ते उज्जीवन आलं.

जमणार नाही असा संकल्प

१ जानेवारीला संपूर्ण पवित्र शास्त्र वर्षात वाचायचं ठरतं. उत्पत्ती जोरात होतं, निर्गम निम्मं होतं, लेवीयपाशी गाडी थांबते. मग आपण वाचनच सोडतो. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करण्याचा संकल्पही असाच जातो, विशेषतः ज्या घरात बाई आधीच चारला उठून डबे करते तिथे.

लेवीयात आपण अडकतो, पण याबाबतीतली उत्तम शिकवण तिथेच आहे. नवव्या अध्यायाच्या शेवटी वेदीवरचा अग्नी परमेश्वरापासून येतो. माणसाने तो पेटवलेला नाही. पण सहाव्या अध्यायात याजकाला आज्ञा आहे: अग्नी विझू द्यायचा नाही, रोज सकाळी लाकडं घालायची. आणि त्याच्याही आधी राख काढायची. अग्नी देवाचा, लाकडं आणि राख आपल्याकडे. रोज सकाळी, म्हणजे थोडं थोडं आणि न चुकता.

तुमच्या दिवसात बसेल एवढंच ठरवा. मार्काच्या शुभवर्तमानात सोळा अध्याय आहेत. रोज अर्धा अध्याय वाचला तर साधारण महिन्यात संपतं. कापूस वेचणीच्या दिवसांत तेवढंही होत नसेल, तर रात्री एक स्तोत्र मोठ्याने वाचा आणि दिवसभर त्यातली एक ओळ सोबत ठेवा. रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात शिफ्ट असेल तर घड्याळाची वेळ धरू नका, ड्युटी संपल्यावरची पहिली दहा मिनिटं धरा. शिफ्ट बदलली तरी ती दहा मिनिटं बदलत नाहीत.

मोबाइलबद्दलही सांगायला हवं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वचन आपण वाचायच्या आधी चार ग्रुपला पाठवतो. त्याने शास्त्र वाचल्याचं समाधान मिळतं, आणि वाचन मात्र झालेलं नसतं. वचन आलं तर आधी शास्त्र उघडून त्याच्या मागची-पुढची वचनं वाचा, मग हवं तर पाठवा.

वैर तसंच ठेवून उपासनेला बसणं

याच्यावर आपल्या मंडळ्यांत फार कमी बोललं जातं. कोरडेपणाचं मूळ किती वेळा बांधावरच्या भांडणात असतं! भावाने वाटणीत दोन गुंठे जास्त घेतले. पंचकमिटीच्या निवडणुकीत एका गटाने दुसऱ्या गटाचा माणूस पाडला. लग्नात अमक्याने बोलावलं नाही. वर्ष उलटतं, दोघेही त्याच मंडळीत दोन बाजूंना बसतात, प्रभुभोजन घेतात, आणि मग विचारतात की देव दूर का वाटतो.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने क्रम सांगून ठेवला आहे. वेदीजवळ आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. माझ्या मनात काय आहे एवढंच पाहून भागत नाही. त्याच्या मनात काय आहे तेही पाहायचं आहे. पेत्र तर नवऱ्यांना आणखी जवळचं सांगतो: पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येईल (१ पेत्र ३:७). घरात बायकोवर हात उचलणारा किंवा चारचौघांत तिचा अपमान करणारा माणूस उपास-प्रार्थनेत कितीही तास बसला, तरी त्याने आधी या वचनापाशी थांबावं.

समेट म्हणजे दर वेळी जमीन सोडून देणं नव्हे. कोर्टात दावा चालू असतानाही बोलणं सुरू करता येतं, सुखदुःखाला जाता येतं, शिव्या थांबवता येतात. आणि जिथे मारहाण किंवा अत्याचार झाला आहे, तिथे सोसणाऱ्या माणसावर समेटाची सक्ती मंडळीने करू नये. त्याला सुरक्षित ठेवणं हे मंडळीचं पहिलं काम आहे.

शरीराच्या थकव्याला आत्मिक पतन समजणं

कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यावर एलिया पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). देवाने त्याला त्या वेळी उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. “तू इथे काय करतोस?” हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर आला.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हे जास्त काळजीने सांगावं लागतं. तिथे सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सततचा थकवा, सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं, हे सगळं असताना एखाद्या तरुणाला “तुझा विश्वास कमी झाला” म्हणणं अन्याय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्या. सिकलसेल असणाऱ्याने पाणी न पिता उपास करू नये. शरीरातलं पाणी कमी झालं की त्याच्या वेदना उसळतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तर मुळीच नाही. मधुमेह असणारे आणि गरोदर बायका यांनीही डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास धरू नये. एका वेळचं जेवण सोडण्याऐवजी आठवडाभर मोबाइलवरचे व्हिडिओ सोडले तरी तो उपासच आहे.

झोप उडाली आहे, भूक गेली आहे, कशातच रस नाही, जगू नये असं वाटतं, हे दोन-तीन आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. जगू नये असे विचार येत असतील तर आठवडे मोजत थांबू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि मदत घ्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. लूक वैद्य होता.

दुसऱ्याच्या भाषेत प्रार्थना

घरात अहिराणी, मावची किंवा पावरी बोलणारा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की पाळकांसारखं पुस्तकी मराठी बोलू लागतो. “हे सर्वसमर्थ, परमदयाळू पित्या” म्हणताना सगळं लक्ष शब्द जुळवण्याकडे जातं. मंडळीत तसं बोला, हरकत नाही. पण एकांतात आईशी जसं बोलता तसं बोला. “प्रभू, आज मन्हं मन लागी नही ऱ्हायनं,” ही पूर्ण प्रार्थना आहे. स्तोत्रकर्ते याहून सभ्य बोलत नव्हते.

गीतांचंही तसंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) गीतं आपण लहानपणापासून इतकी गातो की अर्थ कानावरून निघून जातो. एखादं गीत चाल न लावता, कविता म्हणून, एकट्याने हळू वाचून पाहा.

“गावी परतलो की बघू”

ऊसतोडीला किंवा कामासाठी सुरतेकडे जाणारी कुटुंबं वर्षातले कितीतरी महिने मंडळीपासून दूर असतात. तिथे उपासना नाही, पाळक नाही, म्हणून विश्वास गावीच कुलूप लावून ठेवला जातो. दोघे-तिघे माझ्या नावाने जमतील तिथे मी आहे, हे प्रभूचं अभिवचन उसाच्या फडातल्या कोपीलाही लागू आहे. निघण्यापूर्वी पाळकांना सांगून जा, टोळीत आणखी कोण विश्वासणारे आहेत ते विचारा, रविवारी रात्री एक गीत, एक उतारा, एक प्रार्थना एवढं ठरवा. आणि पाळकांनीही अशा कुटुंबांना महिन्यातून एक फोन करावा. परत आल्यावर “इतके महिने कुठे होता?” म्हणून टोचू नये.

सेवेच्या आड लपणं

गायनमंडळ, शब्बाथशाळा, महिला मंडळाचा हिशेब, नाताळची वर्गणी. सेवा करणाऱ्यांचा कोरडेपणा कोणाला दिसत नाही, म्हणून तो जास्त दिवस टिकतो. मार्थेला प्रभूने कामावरून हाकललं नाही, पण तिची दगदग त्याने नाव घेऊन दाखवली. तीन जबाबदाऱ्या असतील तर एक दुसऱ्याला शिकवून द्या.

एकट्यानेच सोसत राहणं

एवढं करूनही काही जणांचा कोरडेपणा महिनोन्महिने जात नाही. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजेड येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि त्याची सुरुवात “माझ्या उद्धारक देवा” अशी आहे. अशा वेळी उपासना आणि प्रभुभोजन सोडू नका, आणि एका तरी माणसाला खरं सांगा. पाळक असोत, एखादी मावशी असो, जुना मित्र असो. तुमच्याने प्रार्थना होत नसेल तर त्यांना करू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा.

तुमच्याकडे कोणी असं सांगायला आलं, तर वचनांची यादी हातात देऊ नका आणि कुठलं पाप केलंस म्हणून विचारू नका. चहा ठेवा, पूर्ण ऐकून घ्या, त्याच्यासमोर दोन वाक्यांची प्रार्थना करा. त्याने सांगितलेलं बाहेर कुठे बोलू नका, प्रार्थनेचा विषय म्हणूनही नाही. आणि पुढच्या रविवारी उपासनेला निघताना त्याच्या घरावरून जा.